मागची जाळी

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, आणि विषय असा की घरचे म्हणतील, यांना हे काय सुचलं! उभ्या आयुष्यात मी चारचाकी चालवली नाही. एक सायकल आणि नंतर निवृत्तीपर्यंत एक स्कूटर, एवढीच माझी वाहनसंपदा. तरी आजचा लेख मोटारीवर आहे. तोही मोटारीच्या पाठीवरच्या एका जाळीवर.

त्याचं झालं असं. माझा पुतण्या जर्मनीत श्टुटगार्टला असतो. कामधंदा कॉम्प्युटरचा, पण गेल्या दोन वर्षांपासून एक जुनी मोटार घेऊन बसला आहे. पोर्शे ९१४, सन १९७३ ची. दोन माणसं बसतात, आणि इंजिन पुढे नाही, पाठीमागच्या डिकीतही नाही, सीटच्या लगेच मागे. दर रविवारी तो ती खोलतो आणि जोडतो. गेल्या महिन्यात त्याने मला दोन फोटो पाठवले. इंजिनावरच्या झाकणाचे. एक झाकण जुनं, काळं, बारीक जाळीचं, कडेला गंजलेलं. जाळीच्या खाली पाणी अडवायला पन्हळीसारखं एक तबक. दुसरं नवंकोरं, मोठ्या भोकांच्या चकचकीत जाळीचं, खाली काही नाही. सोबत प्रश्न : "काका, कुठली लावू? इंजिनाची गरम हवा बाहेर जायला मोठी जाळीच बरी ना? दिसतेही शर्यतीच्या गाडीसारखी."

मी म्हटलं, आठ दिवस दे. इतिहासाच्या मास्तरला प्रश्न विचारला की तो पहिल्यापासून सुरुवात करणार, हे त्याने ओळखायला हवं होतं.

तर पहिल्यापासून. कार्ल बेंझच्या १८८६ च्या पहिल्या मोटारीचं इंजिन मागेच होतं, बसायच्या बाकाच्या मागे, चक्क उघड्यावर. झाकणच नव्हतं, मग जाळीचा प्रश्न कुठून येणार? १८८८ साली त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली, तेव्हा वाटेत जागोजागी थांबून इंजिनात पाणी घालावं लागलं, कारण ते वाफ होऊन उडून जाई. म्हणजे मोटारीच्या जन्मापासून उष्णता तिच्या मागे लागलेली आहे.

१८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासॉर या जोडीने इंजिन उचलून पुढे ठेवलं, आणि पुढे सगळ्या जगाने तीच पद्धत उचलली. बैल पुढे, गाडी मागे. त्यात एक सोय होती. गाडी धावू लागली की वारा आपोआप इंजिनाच्या तोंडावर. पाणी थंड करणारा रेडिएटर सर्वात पुढे, आणि त्याला दगडधोंडा लागू नये म्हणून त्याच्यापुढे जाळी. पुढे हीच जाळी मोटारीचा चेहरा झाली. रोल्स-रॉइसची देवळाच्या दर्शनी भागासारखी जाळी किंवा १९३३ पासून बीएमडब्ल्यूला असलेली मूत्रपिंडाच्या आकाराची जोडजाळी आपण लांबून ओळखतो.

मग इंजिन पुन्हा मागे का आलं? वजनासाठी. पाण्याच्या दोन घागरी कावडीच्या दोन टोकांना लावून गर्रकन वळून पाहा, आणि तीच घागर कमरेवर घेऊन वळून पाहा. वजन मधोमध असलं की वळणं सोपं जातं. मोटारीत सर्वात जड वस्तू इंजिन. ते माणसाच्या मागे पण मागच्या आसाच्या पुढे ठेवलं, की त्याला म्हणायचं मिड-इंजिन. बेंझ कंपनीने १९२३ साली मोंझाच्या शर्यतीत थेंबाच्या आकाराची अशी मोटार उतरवली. १९३४ पासून ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या मोटारी आल्या. त्यांचा आराखडा फर्डिनांड पोर्शे यांचा.

पण खरी उलथापालथ केली ती इंग्लंडमधल्या कूपर या बापलेकांच्या लहानशा गॅरेजने. युद्धानंतर त्यांनी छोट्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या, त्यात मोटारसायकलचं इंजिन वापरलं. मोटारसायकलचं इंजिन साखळीने चाक फिरवतं, म्हणून ते मागच्या चाकांजवळ ठेवणं सोयीचं पडलं. तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, सोय! १९५८ च्या अर्जेंटिना ग्रां प्रीमध्ये स्टर्लिंग मॉसने कूपर चालवून मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकलं, आणि १९५९ व १९६० अशी दोन वर्षं जॅक ब्रॅबहॅम कूपरवरच जगज्जेता झाला. एन्झो फेरारी यांची एक गोष्ट सांगतात, की बैल गाडी ओढतो, ढकलत नाही, असं म्हणून ते इंजिन मागे न्यायला तयार नव्हते. पण १९६१ साली त्यांचीही मोटार मिड-इंजिन झाली आणि फिल हिल तिच्यावर जगज्जेता झाला. बैल ढकलूही शकतो हे त्यांनी मान्य केलं म्हणायचं.

आता अडचण सुरू होते. पेट्रोल जळून जेवढी उष्णता निघते, तिचा ढोबळ मानाने पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची धुराबरोबर, पाण्याबरोबर आणि तापलेल्या लोखंडातून बाहेर पडते. इंजिन पुढे असताना वारा तोंडावर येई. आता ते भिंतीमागच्या कोंदट खोलीत. आमच्या सोलापूरकडच्या माळवदाच्या घरांत आतल्या खोलीला खिडकी नसे, पण छतात एक भोक ठेवलेलं असे. त्याला सवणं म्हणतात. उजेड आत, धूर बाहेर. पाऊस आला की वर चढून त्यावर काहीतरी झाकायचं. मिड-इंजिन मोटारीची मागची जाळी म्हणजे मोटारीचं सवणं, असं मी पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. (ते निम्मंच बरोबर होतं. पुढे येईलच.)

या सवण्याचा सर्वात देखणा नमुना म्हणजे लॅम्बोर्गिनी मिउरा. ट्रॅक्टर बनवणारे फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी, त्यांचे दाल्लारा आणि स्तान्झानी हे तरुण इंजिनीअर, आणि बेर्तोने या कारखान्यातला मार्चेल्लो गांदिनी हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा चित्रकार. १९६५ साली तुरीनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा ठेवला, आणि १९६६ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला सबंध मोटार. सीटच्या मागे बारा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं इंजिन आडवं बसवलेलं. त्यावर काच टाकली तर भट्टी होणार. पत्रा टाकला तर मागचं दिसणार नाही. गांदिनीने तिथे काळ्या तिरप्या पट्ट्या बसवल्या, जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना झडपा असतात तशा. गरम हवा फटींतून वर निघून जाते आणि आरशात पाहणाऱ्याला पट्ट्यांमधून मागचा रस्ताही थोडाफार दिसतो. गांदिनी २०२४ च्या मार्चमध्ये गेला. त्याच्या त्या पट्ट्या अजून लोक विसरलेले नाहीत.

पण गंमत पाहा. मिउराला तीन वर्षं होतात न होतात तोच, १९६९ मध्ये, अमेरिकेत फोर्ड मस्टँग बॉस ३०२ या मोटारीच्या मागच्या काचेवर तशाच काळ्या पट्ट्या दिसू लागल्या. या मोटारीचं इंजिन पुढे! पट्ट्यांखाली मागचं सीट. थोडी सावली पडत असेल, पण बाहेर जायला तिथे गरम हवा होतीच कुठे? पुढच्या काळात तर अशा पट्ट्यांची लाटच आली. सवणं राहिलं नाही, सवण्याचं चित्र राहिलं. आज आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी गाड्यांच्या मागच्या बंपरवर जाळीची नक्षी असते. बोट लावून पाहा, आरपार जाणार नाही. मी गेल्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग केला. वॉचमन संशयाने बघत होता.

इटलीत मात्र हवेचं गणित गंभीरपणे चाललं होतं. फेरारीच्या ५१२ बीबीमध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे. गरम पाण्याचे नळ मधून जात, त्यामुळे बसणारा शेकून निघे. म्हणून १९८४ च्या टेस्टारोसामध्ये रेडिएटर दारांच्या मागे, दोन बाजूंना आणले. दारांवरच्या त्या लांबलचक पट्ट्या म्हणजे त्या रेडिएटरच्या नाकपुड्या. १९८७ च्या एफ४० ला इंजिनावर पारदर्शक प्लॅस्टिक आणि त्याला फटी. १९९३ मध्ये फेरारीने गिऱ्हाइकांसाठी चॅलेंज नावाच्या शर्यती सुरू केल्या, आणि पुढे ३५५ या मोटारीच्या शर्यतीच्या रूपाला मागे, दिव्यांच्या मधोमध, उघडी जाळी आली. ती इतकी आवडली की रस्त्यावरच्या ३५५ चे मालकही ती विकत घेऊन बसवू लागले. तिचं नावच चॅलेंज जाळी पडलं.

मागे जाळी लावून काय होतं? धावणाऱ्या मोटारीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. भरधाव एस.टी. गेली की रस्त्यावरचा पाचोळा तिच्या मागे ओढला जातो, तेच. मागच्या जाळीतून गरम हवा त्या ओढीने बाहेर खेचली जाते. मात्र गाडी उभी असली की ही ओढ नाही. तेव्हा गरम हवा फक्त वर चढते, आणि वरच्या फटी कामाला येतात. म्हणजे मिउराची वरची झडप उभ्या गाडीलाही उपयोगी, आणि चॅलेंजची मागची जाळी मुख्यतः धावणाऱ्या गाडीला.

इथपर्यंत माझं उत्तर तयार होतं : मोठी जाळी लाव बाबा. भोकं जितकी मोठी तितकी हवा जास्त. हिशेबही करून ठेवला होता. पाच मिलिमीटरची गोल भोकं, दोन भोकांच्या मध्यांत आठ मिलिमीटर अंतर, आड-एक ओळी सरकवलेल्या, असा पत्रा घेतला तर उघडी जागा जेमतेम ३५ टक्के. तेच दोन मिलिमीटरच्या तारेची, दहा मिलिमीटर घरांची विणलेली जाळी घेतली तर दहा भागिले बारा, त्याचा वर्ग, म्हणजे ६९ टक्के. जवळजवळ दुप्पट!

आणि सहाव्या दिवशी लक्षात आलं की माझा पायाच चुकला आहे.

पोर्शे ९१४ ही १९६९ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली. फोक्सवागेन आणि पोर्शे यांची ही भागीदारीतली मुलगी. चार सिलिंडरच्या मोटारीचं इंजिन फोक्सवागेनचं, आणि ते पाण्याने नव्हे, हवेने थंड होणारं. रेडिएटर नाहीच. इंजिनाला जोडलेला एक पंखा हवा ओढतो, ती सिलिंडरांच्या कल्ल्यांवरून नेतो आणि गाडीच्या पोटाखालून सोडून देतो. ही हवा तो कुठून ओढतो? तर वरच्या जाळीतून! इंजिनाभोवती पत्रे असे बसवलेले असतात की खालची गरम हवा पुन्हा वर येऊ नये. बीटल मोटारीचंही तसंच. मागच्या काचेखालच्या त्या फटी श्वास आत घेण्यासाठी होत्या. उघड्या टपाच्या बीटलचं टप दुमडून तिथेच बसे, म्हणून तिच्या फटी इंजिनाच्या झाकणावर कोरल्या.

म्हणजे मिउराची जाळी उच्छ्वास आणि ९१४ ची जाळी श्वास. दिसायला दोन्ही बहिणी, काम उलटं. पुतण्याने प्रश्नच चुकीचा विचारला होता, आणि मीही पाच दिवस चुकीच्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर शोधत होतो. शाळेत असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी शून्य दिलं असतं.

दिशा कळली की बाकीचं सरळ होतं. जिथून हवा आत जाते तिथून पाऊसही आत जातो. ९१४ ची बॅटरी इंजिनाच्याच खोलीत, उजव्या बाजूला बसते. वरून गळणारं पाणी आणि बॅटरीचं आम्ल मिळून तिच्या खालचा पत्रा खातात. या मोटारीचे मालक त्या जागेला 'हेल होल' म्हणतात, नरकाचं भोकच. पाणी जड असतं, त्याला एकदम वळता येत नाही. हवा वळते. जाळीखालच्या तबकाचा उपयोग एवढाच : पाणी सरळ पडून तबकात सापडतं आणि कडेने निघून जातं, हवा वळसा घालून आत जाते. ते जुनं, गंजकं, दिसायला मामुली झाकण कुणीतरी विचार करून बनवलेलं आहे. नव्या चकचकीत जाळीत हवा थोडी जास्त जाईल, आणि पाणी सगळंच जाईल.

आठव्या दिवशी पुतण्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला पटलं नाही. "काका, हवा आत जाते कशावरून?" मी म्हटलं, इंजिन चालू कर आणि जाळीपाशी उदबत्ती धर. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. सूनबाईंच्या देवघरातली उदबत्ती, आणि धुराची रेघ वर न जाता वाकून जाळीत शिरते आहे. मागून सूनबाईंचा आवाज, "पूजेची आहे ती!"

लेख इथेच संपायला हवा. पण व्हिडिओ पाहिल्यापासून एक गोष्ट मनातून जात नव्हती.

घरच्या मंडळींना ठाऊक आहे, या पुतण्याचे वडील, माझा धाकटा भाऊ, सोलापुरात रिक्षा चालवत. रिक्षाचंही इंजिन मागे. उन्हाळ्यात तो मागचं झाकण बाभळीच्या लाकडाचा एक तुकडा लावून किलकिलं ठेवायचा. बरेच रिक्षावाले तसं करत. पावसाळ्यात तुकडा काढून सीटखाली. १९८६ च्या मे महिन्यात आमच्या शाळेत बाहेरगावचे एक पाहुणे आले होते. त्यांना तुळजापूरला दर्शनाला जायचं होतं. मी भावाला बोलावलं. तो आला, झाकण उघडं. पाहुण्यांसमोर मला ते बरं वाटेना. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "ते बंद कर, गबाळं दिसतंय."

तो म्हणाला, "दादा, त्याला वारं लागतंय."

मी म्हणालो, "एका दिवसानं काय होतंय?"

त्याने बंद केलं. तुळजापूरच्या अलीकडे घाटात इंजिन जाम झालं. पाहुणे मागून आलेल्या एस.टी.त बसून गेले. भाऊ भर उन्हात टेम्पोची वाट बघत बसला. मेकॅनिक म्हणाला, ऑइल कमी पडलं होतं, ऊनही होतं, आणि झाकण बंद होतं. तिन्ही मिळून झालं. दुरुस्तीला त्याला उसने पैसे काढावे लागले. मला तो एका शब्दाने बोलला नाही, आणि पुढच्या आठवड्यात बाभळीचा तुकडा परत जागेवर दिसला. मी मुलांना अशोकाचे शिलालेख शिकवत होतो, आणि माझा सातवी पास भाऊ मला जे सांगत होता ते मला ऐकू आलं नव्हतं. झाकण कसं दिसतं एवढंच मी पाहिलं.

परवा पुतण्याचा पुन्हा फोन आला. जुनं झाकणच ठेवतो म्हणाला, तबकासकट. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "काका, बाबा रिक्षाचं झाकण कशाने टेकवायचे हो? मला अंधुक आठवतंय."

मी बाभळीच्या तुकड्याचं सांगितलं. आणि मग घाटातलंही सांगितलं, पहिल्यांदाच. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

मग तो म्हणाला, "मला माहीत होतं काका. आईने सांगितलं होतं. बाबा म्हणायचे, दादाला सांगू नका."

थोड्या वेळाने म्हणाला, झाकणाच्या कडेचा गंज बराच आत गेला आहे, खरवडून रंग द्यायला अजून दोन रविवार तरी जातील.